पीयू फोमची खडकाळ भिंत काचेवरून पुन्हा पुन्हा का सुटते, आणि ते कायमचं कसं थांबवायचं

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या टाकीत मागच्या काचेवर पीयू (पॉलियुरेथेन) फोम मारायचा, कोरून त्याला खडकाचा आकार द्यायचा, वरून इपॉक्सी (दोन घटक मिसळून घट्ट होणारं रेझिन) आणि वाळूचा थर द्यायचा, कपारींमध्ये प्रवाळ लावायचे. काही आठवडे सगळं सुरेख दिसतं. मग एके सकाळी भिंतीचा वरचा कोपरा काचेपासून बोटभर पुढे आलेला असतो. टाकी रिकामी करून, काच घासून, सिलिकॉन भरून भिंत पुन्हा बसवली जाते. काही महिन्यांनी ती परत सुटते.

माझी भिंत तीनदा सुटली. पहिली नवव्या दिवशी, दुसरी पाच महिन्यांनी, तिसरी चौदा महिन्यांनी. तिसऱ्या वेळी तिच्यावर तळहाताएवढी वाढलेली माँटिपोरा (प्रवाळाची एक जात) होती, ती वाचली नाही. चौथी भिंत मात्र सहा वर्षं जागची हललेली नाही. चारही वेळा फोमचा प्रकार साधारण सारखाच होता आणि चिकटवण्याचं साहित्य दर वेळी आधीपेक्षा चांगलं होतं. फरक पडला तो एका साध्या हिशेबामुळे. तो हिशेब पहिल्या दिवशी केला असता तर ती माँटिपोरा आजही असती, म्हणून इथे तोच आधी मांडतो.

आधी हिशेब

घट्ट झालेल्या साध्या पीयू फोमचं वजन लिटरमागे 20 ते 30 ग्रॅमच्या आसपास असतं. समुद्राच्या पाण्याचं वजन लिटरमागे सुमारे 1025 ग्रॅम. म्हणजे पाण्याखाली गेलेला प्रत्येक लिटर फोम जवळजवळ एक किलोच्या जोराने वर यायला बघतो. माझी पहिली भिंत 120 सेंमी लांब, 60 सेंमी उंच आणि सरासरी 5 सेंमी जाड होती. गुणाकार केला तर 36 लिटर. म्हणजे 36 किलोचं प्लावक बल, रात्रंदिवस, एका क्षणाचीही उसंत न घेता. दहा-अकरा वर्षांचं मूल काचेला धरून लटकलंय अशी कल्पना करा, फक्त त्याची ओढ खालच्या ऐवजी वरच्या दिशेने.

भिंत खडकासारखी दिसते, त्यामुळे आपल्या डोक्यात ती जड असते. टाकीबाहेर ती उचलताना हलकी लागते तेव्हा बरं वाटतं, काचेवर भार नको म्हणून. पाण्यात गेल्यावर हाच हलकेपणा सगळा भार होतो. वर खेचणाऱ्या त्या बलापुढे फक्त गोंद उभा केला, तर प्रश्न गोंद किती दिवस टिकतो एवढाच उरतो.

सिलिकॉनची ताकद मोठी असते हे खरं. पण ती ताकद झटक्याला तोंड देण्याची आहे. कायम लटकत राहणाऱ्या भाराखाली रबरासारखं सिलिकॉन हळूहळू ताणत जातं, त्यामुळे सततच्या भारासाठी त्याच्यावर फार थोडा भरवसा ठेवता येतो. दुसरी गोष्ट काचेची. टाकी भरली की पाण्याच्या दाबाने काच बाहेरच्या बाजूला किंचित फुगते. डोळ्यांना दिसत नाही, पण लांब टाकीच्या मधोमध सरळ पट्टी धरली तर कळतं. फोमची भिंत ताठ असते, ती काचेबरोबर वाकत नाही. मग कडेला सोलण्याचा ताण येतो, लिफाफ्याचा चिकटवलेला कागद एका टोकाने ओढावा तसा. कुठलाही गोंद सरकवण्याच्या ताणाला बराच टिकतो, सोलण्याच्या ताणाला मात्र लवकर हार मानतो. पाणी बदलताना पातळी खाली-वर होते तेव्हा हा ताण कमी-जास्त होत राहतो, आणि एकदा कडेला केसाएवढी फट पडली की तिच्यात शिरलेलं पाणी पुढची वाट करून देतं. कोरड्या टाकीत हाताने ओढून पाहिलेली भिंत पक्की वाटते आणि भरलेल्या टाकीत सुटते, ती यामुळे.

सुटलेला तुकडा उलटा करून पाहा

नवीन सिलिकॉन आणण्याआधी सुटलेल्या भिंतीची पाठ आणि मागची काच नीट बघा. काय चुकलं ते तिथेच लिहिलेलं असतं.

भिंतीची पाठ गुळगुळीत, तकतकीत असेल आणि काचेवर फोमचा कणही उरला नसेल, तर फोम काचेला मुळात धरलाच नव्हता. याचं कारण बहुतेक वेळा काचेवरचा तेलकट थर, बोटांचे डाग किंवा पाण्याचा पातळ पापुद्रा हे असतं. पाण्याबद्दल जरा समजून घ्यायला हवं. कॅनमधला एकघटकी फोम हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यातला आयसोसायनेट पाण्याशी अभिक्रिया करतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्या वायूनेही तो फुगतो. म्हणून पाण्याचा हलका फवारा मारायला सांगतात. पण काचेवरच थेंब साचतील इतकं पाणी मारलं तर वायूचे बुडबुडे नेमके काच आणि फोमच्या मध्ये तयार होतात आणि चिकटायला जागाच राहत नाही. तुकड्याच्या पाठीवर मोठे सपाट बुडबुडे दिसले तर हेच झालंय असं समजा.

काचेवर फोमचा थर तसाच राहिला असेल आणि भिंत मधूनच फाटली असेल, तर चिकटणं उत्तम होतं, फोम कमी पडला. अशा वेळी काच खरवडून आणखी स्वच्छ करण्यात वेळ घालवू नका. बल कमी करणं हाच उपाय आहे.

सिलिकॉन काचेला चिकटलेलं, पण फोमपासून सुटलेलं असेल, तर सिलिकॉन फोमच्या वरच्या चकचकीत सालीला लावलेलं होतं. ती साल ब्लेडने सोलल्याशिवाय त्यावर काहीच नीट बसत नाही, सिमेंट नाही, इपॉक्सी नाही, सिलिकॉनही नाही. उलट जुन्या सिलिकॉनवर नवा फोम मारला असेल तर तोही सुटणारच. पॉलिथिन, पॉलिप्रोपिलिन, मेण आणि सिलिकॉन यांना पीयू फोम धरत नाही. या गुणाचा भिंत बनवताना फायदा होतो, खाली पॉलिथिनचा कागद अंथरून काम केलं की भिंत अलगद उचलता येते.

आणि तुकडा कापल्यावर आतून चिकट, ओलसर किंवा रसायनाचा वास येणारा निघाला तर मूळ दुखणं वेगळंच आहे. त्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण भिंत सुटण्याच्या तक्रारींमध्ये हे बरेचदा लपलेलं असतं.

आतून कच्चा राहिलेला फोम

कॅनचा फोम बाहेरून आत असा घट्ट होतो. बाहेरची साल काही मिनिटांत धरते, तासाभराने कापता येतो, आणि मग आपण समजतो की झालं. पण ती साल एकदा तयार झाली की आत ओलावा जायला वाट उरत नाही. एकाच वेळी 8-10 सेंमीचा ढीग मारला तर मधला गाभा कित्येक दिवस चिकट राहू शकतो. काचेवर मारलेल्या फोमची आणखी एक अडचण अशी की एक बाजू काचेने पूर्ण बंद असते, तिथून हवा येतच नाही. म्हणजे जिथे पक्की पकड हवी तिथेच तो सगळ्यात शेवटी घट्ट होतो.

अशी भिंत पाण्यात गेली की दोन गोष्टी होतात. कुठून तरी पाणी गाभ्यापर्यंत पोचतं, कच्चा फोम पुन्हा वायू सोडायला लागतो, आतून फुगतो आणि वरच्या इपॉक्सीला तडे जातात. दुसरं म्हणजे घट्ट न झालेली रसायनं पाण्यात उतरतात. ज्या टाकीत जीव ठेवायचेत तिथे हा धोका कुणी पत्करू नये.

उपाय पातळ थरांचा आहे. एका वेळी 3 सेंमीपेक्षा जाड पट्टा नको. थर मारला की वरून पाण्याचा अगदी हलका, धुक्यासारखा फवारा द्यायचा, साल धरू द्यायची, पुढच्या थराआधी पुन्हा हलका फवारा. कॅन वापरण्यापूर्वी 20 ते 25 अंश तापमानाला आणा, अर्धा मिनिट जोरात हलवा आणि उलटा धरून मारा. थंड कॅनमधून निघालेला फोम नीट फुगत नाही, त्याच्यात मोठी छिद्रं पडतात आणि तो ठिसूळ होतो.

मी आता दर वेळी एक नमुना बनवतो. भिंतीचा सगळ्यात जाड भाग जेवढा, तेवढ्याच जाडीचा एक गोळा त्याच कॅनमधून, त्याच वेळी, पॉलिथिनच्या कागदावर मारून बाजूला ठेवायचा. तीन दिवसांनी तो मधोमध कापायचा. आत सगळीकडे सारखी, कोरडी जाळी दिसली आणि नाकाशी धरल्यावर वास आला नाही तर भिंतही तयार आहे. गोळा कच्चा असेल तर भिंतही कच्ची. मग तिला मागच्या बाजूने ब्लेडने खाचा पाडून, फवारा मारून आणखी आठवडाभर ठेवायचं. डब्यावर छापलेल्या तासांपेक्षा माझा या गोळ्यावर जास्त विश्वास आहे.

फोमची निवडही इथेच ठरते. तळी आणि कारंजी यांच्यासाठी मिळणारा काळा फोम घ्या. काळ्या रंगामुळे कुठे इपॉक्सी निघालं तरी पिवळा डाग दिसत नाही, आणि तो पाण्यातल्या जिवांचा विचार करून बनवलेला असतो. आगरोधक म्हणून विकला जाणारा गुलाबी किंवा नारिंगी फोम टाकीत नको. त्यात ज्वाला रोखणारी जी रसायनं मिसळलेली असतात ती प्रवाळांच्या पाण्यात उतरवण्याचं काहीच कारण नाही. सिलिकॉन घेतानाही बुरशीरोधक लिहिलेलं टाळा, बुरशी मारणारं औषध अपृष्ठवंशी जिवांनाही भोवतं.

भिंत काचेला नको, स्वतःच्या पायावर उभी करा

आता मुख्य उपाय. भिंत टाकीच्या बाहेर, आडवी ठेवून, एका सांगाड्यावर बनवायची. तो सांगाडा इंग्रजी एल अक्षरासारखा हवा. उभी बाजू मागच्या काचेला समांतर, आडवी बाजू टाकीच्या तळावर पुढे आलेली. या आडव्या पायावर टाकीतले खरे खडक बसतात. फोम भिंतीला वर ओढतो, खडक पायाला खाली दाबतात, आणि या सगळ्यात काचेच्या वाट्याला फार तर भिंतीला मागून टेकू देण्याचं काम उरतं.

माझा सांगाडा पीव्हीसी पाइपचा आहे, त्यावर दिव्यांच्या खाली लावतात ती प्लास्टिकची चौकोनी जाळी नायलॉनच्या पट्ट्यांनी बांधलेली. जाळीच्या चौकोनांतून फोम पलीकडे जातो आणि तिकडे फुगून अडकतो, त्यामुळे तिथे चिकटण्याचा प्रश्नच येत नाही. पाइपांना जागोजागी भोकं पाडायला विसरू नका. पीव्हीसी पाण्यात बुडतं, पण बंद पाइपात अडकलेली हवा बुडत नाही, आणि आपण वजन वाढवतोय असं समजून तरंगणारा सांगाडा बनवून बसतो. जाळी बहुधा पॉलिस्टायरिनची असते. फोमचे ओघळ पुसायला ॲसिटोन लागतं, त्या ॲसिटोनने ही जाळी विरघळते, म्हणून जाळीजवळ ते वापरू नका. ॲक्रिलिकच्या टाकीलाही ॲसिटोन लावायचं नाही, तिला बारीक तडे जातात. तसंही ॲसिटोनचा उपयोग ओल्या फोमवरच. घट्ट झालेल्यावर ब्लेड आणि करवत, दुसरा इलाज नाही.

टाकीच्या वरच्या काठाला काचेच्या पट्ट्या असतील तर अखंड भिंत आत जाणार नाही. मी तिचे तीन भाग केले, जोड कपारींमध्ये लपवले. कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या जोडांपासून 5-6 मिमी अंतर राखलं, उद्या जोड गळायला लागला तर तो दिसला पाहिजे आणि हाताला लागला पाहिजे.

यानंतर येतो फोम कमी करण्याचा भाग, आणि खरं यश त्यात आहे. 5 सेंमी जाड फोम मारून तो कोरत बसण्यापेक्षा कोरड्या सच्छिद्र खडकाचे तुकडे जाळीवर रचा आणि त्यांच्या मधल्या फटी फोमने भरा. फोमला बांधकामातल्या मसाल्यासारखा वापरा. हिशेब असा आहे: प्रवाळाच्या खडकातलं ॲरगोनाइट हे खनिज पाण्याच्या जवळजवळ तिप्पट घन असतं. छिद्रांमध्ये पाणी भरलं की अशा एक किलो कोरड्या खडकाचं समुद्राच्या पाण्यातलं वजन साधारण 650 ग्रॅम उरतं. म्हणजे एक लिटर फोमला खाली धरायला किमान दीड किलो खडक लागतो. माझ्या पहिल्या भिंतीच्या 36 लिटर फोमला 55 किलो खडक लागला असता, ते शक्यच नव्हतं. चौथ्या भिंतीत मी 9 लिटर फोम आणि 21 किलो खडक घातला. 9 लिटरला साडेतेरा-चौदा किलो पुरे होते, वरचा सात किलो खडक भिंतीला खाली बसवून ठेवतो. त्याशिवाय पायावर रचलेले खडक आहेतच.

खडकाचे तुकडे ओल्या फोममध्ये दाबल्यावर फोम फुगत राहतो आणि त्यांना वर ढकलतो. लाकडी काड्या आरपार टोचून ते जागी धरून ठेवा, साल धरली की काड्या काढा. प्रत्येक तुकड्याचा निदान तिसरा हिस्सा फोममध्ये रुतलेला हवा, नुसता टेकवलेला तुकडा पहिल्या साफसफाईत निखळतो.

फोमचे जे भाग उघडे राहतील त्यांची साल सोला, खरबरीत करा आणि द्रावक नसलेलं इपॉक्सी ब्रशने लावून त्यावर कोरडी ॲरगोनाइट वाळू दाबा. दोन हात द्या. इपॉक्सीचं प्रमाण डोळ्यांनी मोजू नका, वजनकाट्यावर मोजा, कमी-जास्त झालं तर ते आयुष्यभर चिकट राहतं. दमट हवेत घट्ट झालेल्या इपॉक्सीवर कधी कधी मेणचट पापुद्रा येतो, तो साध्या पाण्याने घासून धुतल्याशिवाय दुसरा थर धरत नाही. फायबरग्लाससाठी वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन नको, त्यातलं स्टायरिन बराच काळ सुटत राहतं. सिमेंटचा लेप देणारेही आहेत. सिमेंट दिसतं छान, पण सिमेंटच्या मानाने फोम लवचीक, उचलतानाच चिरा पडतात. शिवाय ताज्या सिमेंटमुळे पाण्याचा पीएच 12 च्या वर जातो, तो उतरेपर्यंत आठवडेच्या आठवडे पाणी बदलत बसावं लागतं. मला इपॉक्सी बरं वाटतं.

हे सगळं काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करा. कॅनमधला दाबवायू ज्वालाग्राही असतो, जवळपास शेगडी, ठिणगी काही नको. आयसोसायनेटची काहींना अशी ॲलर्जी जडते की पुढे थोड्याशा वाफेनेही दमा उसळतो. फोम कोरताना धुळीपासून वाचवणारा मास्क लावा. थर्माकोल कापतात तशी तापलेली तार पीयू फोमला लावू नका. तो वितळत नाही, जळतो, आणि त्याचा धूर विषारी असतो.

टाकीत ठेवण्याआधी बुडवून पाहा

मोठ्या पिंपात किंवा बाथटबमध्ये भिंत पूर्ण बुडवा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. कोरड्या खडकात बरीच हवा असते, ती बाहेर पडायला वेळ लागतो, पहिल्या तासात भिंत तरंगली म्हणून घाबरून जाऊ नका. दोन दिवसांनीही तरंगत असेल तर पायावर एकेक दगड ठेवत जा. ज्या दगडाला ती तळाशी टेकेल तिथपर्यंतच्या वजनात निदान निम्मं वजन आणखी मिळवा आणि तेवढे दगड पायावर कायमचे राहतील अशी मांडणी करा. साध्या पाण्यात जेमतेम बुडणारी भिंत खाऱ्या पाण्यात तरंगू शकते, कारण खारं पाणी अडीच टक्क्यांनी जड असतं. फरक छोटा आहे, पण काठावरच्या हिशेबाला तेवढाच पुरतो.

याच पिंपात भिंत एक-दोन आठवडे ठेवा, आत पंप फिरू द्या, रोज पाणी बदला. पृष्ठभागावर फेस येणं थांबलं आणि पाण्याला वास राहिला नाही की भिंत टाकीत न्यायला हरकत नाही.

टाकीत ती बसवताना मागच्या काचेला सिलिकॉनचे चार-सहा ठिपके द्यायला हरकत नाही, पण ते भिंत डुलू नये यासाठी. काठाने सलग सिलिकॉन फिरवून मागची जागा पूर्ण बंद करणार असाल तर ती खरंच पूर्ण बंद झाली पाहिजे. अर्धवट बंद जागा ही पूर्ण बंद आणि पूर्ण मोकळी या दोन्हींपेक्षा वाईट. तिथे पाणी शिरतं पण फिरत नाही, घाण साचते, ऑक्सिजन संपतो, काळा थर धरतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. मी उलटं केलं. काच आणि भिंत यांच्यामध्ये 3 सेंमी मोकळी जागा ठेवली आणि एका टोकाकडून छोट्या पंपाने तिथे प्रवाह सोडला. सहा वर्षांत तिथे काळं काही दिसलेलं नाही.

जीव असलेल्या टाकीत भिंत सुटली असेल तर

इथे घाई सगळ्यात महाग पडते. भिंत ओढून काढू नका. मागे साचलेली काळी घाण एकदम पाण्यात मिसळली तर तासाभरात मासे दगावू शकतात. आधी टॉर्च लावून मागे कोणी अडकलंय का बघा. फट वाढत नसेल तर भिंतीच्या पायथ्याशी आणि कपारींवर जादा खडक ठेवून ती तात्पुरती दाबून धरता येते. वरच्या काठाच्या काचपट्टीखाली पाइपचा तुकडा ठोकून भिंत अडकवायची कल्पना अनेकांना सुचते. लहान भिंतीला, भार लांब पट्टीवर पसरवून, काही दिवसांपुरतं ते चालेल. तीस-पस्तीस किलोच्या ओढीला मात्र ती काचपट्टी स्वतःच निखळू शकते, आणि ती गेली तर पुढची-मागची काच धोक्यात येते. पाण्याखाली लावायची इपॉक्सी पुटी फट बुजवते, भार पेलत नाही. आणि चालू टाकीत नवा फोम किंवा ताजं सिलिकॉन वापरायचं नाही, कितीही थोडं असलं तरी.

भिंत काढायचीच झाली तर आधी मासे, प्रवाळ आणि चांगले खडक टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या वेगळ्या भांड्यांत हलवा, हीटर आणि हवेचे पंप लावा. मगच टाकीतलं पाणी सायफनने काढा, सायफनचं तोंड भिंतीच्या मागच्या फटीत ठेवून, म्हणजे सगळ्यात घाण पाणी आधी निघून जातं. ते पाणी परत वापरू नका. पाण्याची पातळी उतरली की फोमची ओढही तेवढीच कमी होते. भिंत हाताने सुटत नसेल तर पातळ तार किंवा मासेमारीची दोरी मागून करवतीसारखी ओढा.

भिंत टिकली, तरी पुढे दिसणाऱ्या काही गोष्टी

नवी भिंत टाकीत गेल्यावर प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र) भरभरून वाहायला लागला, तर बहुतेक वेळा टाकीत काही मेलेलं नसतं. फोममध्ये बुडबुडे सारखे राहावेत म्हणून सिलिकॉन जातीचे पृष्ठसक्रिय पदार्थ घातलेले असतात, त्यांचा अंश पाण्यात उतरला की स्किमर असा वागतो. इपॉक्सी पुटी वापरल्यावरही हेच दिसतं. स्किमरची पातळी खाली करा, ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा, पाणी बदला. पिंपात नीट भिजवलेल्या भिंतीचं हे थोड्या दिवसांत शमतं. आठवडे उलटूनही शमत नसेल तर गाभा कच्चा असल्याची शंका घ्या आणि भिंत बाहेर काढा.

पहिल्या महिन्यात तपकिरी थर चढतो तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा, त्याची काळजी नको. मात्र उघड्या, कापलेल्या फोमच्या छिद्रांमध्ये घाण अडकून तिथे केसाळ शेवाळ धरत असेल तर तिथला इपॉक्सीचा थर अपुरा आहे. घट्ट झालेला फोम बहुतांशी बंद पेशींचा असतो, पाणी त्याच्या आतून वाहत नाही. म्हणून जिवंत खडकासारखं (जिवाणूंनी वसलेल्या सच्छिद्र खडकासारखं) नायट्रेट कमी करण्याचं काम त्याच्याकडून अपेक्षू नका. भिंत उभी राहिली म्हणून टाकीतले खडक किंवा संपमधलं (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीतलं) जैविक माध्यम काढून टाकू नका.

समुद्री साळ, म्हणजे आपले काटेरी अर्चिन, शेवाळ खरवडता खरवडता इपॉक्सीखालचा फोमही कुरतडतात. पफर आणि ट्रिगर मासे चावून तुकडे काढतात. फोमचे कण स्किमरच्या कपात किंवा पृष्ठभागावर तरंगताना दिसले तर कोण खातंय ते रात्री लाल टॉर्चने बघा आणि त्या जिवाला दुसरी टाकी द्या. हे मासे पाळायचे असतील तर फोमची भिंत करूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. ते कण माशांच्या पोटात जातात आणि ते आपल्याला काढता येत नाहीत.

फोमला अतिनील किरणं सोसत नाहीत, उघडा भाग पिवळा पडून भुगा व्हायला लागतो. मेटल हॅलाइड दिव्यांखाली हे लवकर होतं. कॅल्शियम, क्षारता आणि मॅग्नेशियम स्थिर ठेवलं तर कोरालाइन शेवाळाचा जांभळा थर हळूहळू सगळं झाकतो आणि फोमचं संरक्षणही करतो. माझ्या भिंतीला पूर्ण जांभळं व्हायला दीड वर्ष लागलं. दर महिन्याला पाणी बदलताना मी अजूनही बाजूच्या काचेतून टॉर्च मारून भिंतीची मागची जागा बघतो आणि वरच्या कोपऱ्यापासून काचेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजतो. ते 30 मिमी होतं, अजून 30 मिमीच आहे.